नॉर्वेत सॅल्मनसाठी गाइड घेऊन जायचं आहे: पेरणीआधी जावं की पऱ्हे (धानाची रोपं) टाकून?

धानपट्टा_पवनी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. पुढच्या जूनमध्ये नॉर्वेत सॅल्मनच्या नदीवर सहा दिवस गाइड घेऊन जायचं ठरतंय. तिघे आहोत. दोघे पवनी तालुक्यातले धानवाले, तिसरा उमरेडकडचा, त्याचं कापूस-सोयाबीन. पुतण्या ट्रॉन्डहाइमला नोकरीला आहे, त्यामुळे त्याच भागातली नदी सोयीची.

गळाची सवय मरळ आणि रोहूची. स्पिनिंग रॉड-रील तिघांकडे आहे, फ्लायचा (पिसं-दोरा बांधलेल्या नकली आमिषाचा) रॉड कुणी हातात धरलेला नाही. एकाचं वय ६३, गुडघे दुखतात, पाण्यात फार वेळ उभं राहवणार नाही.

विचारायचं ते असं. पेरणीआधी परतायचं म्हणून १ ते ७ जून डोक्यात आहे, ते बरोबर आहे का? नदी कोणती घ्यावी? गाइड ठरवताना काय काय पक्कं करून घ्यायचं? सामान इथून न्यावं की तिथे भाड्याने घ्यावं? आणि शेतकऱ्याने व्हिसाला कागद काय जोडायचे? तारखांवरून तिघांचं जमत नाही आहे, म्हणून तारखांचं आधी सांगा.

बर्फाचं_पाणी

भाऊ, आठवडा ठरला की नदी, बीट (कार्ड काढून मासेमारीला मिळणारा नदीचा ठरावीक पट्टा), लाईन सगळं त्याच्यामागे येतं, म्हणून तारखांपासूनच सुरू करतो.

त्या भागातल्या गाउला, ऑर्क्ला, नामसेन या तिन्ही नद्यांचा हंगाम रुळलेल्या पद्धतीने १ जूनला उघडत आणि ऑगस्टअखेर संपत आला आहे. नेमक्या तारखा आणि कोटा दरवर्षी नव्याने ठरतो, तेवढं तपासायचं. हंगाम उघडला म्हणजे नदीत मासा भरला असं मात्र नाही. जूनच्या सुरुवातीला चढतात ते समुद्रात दोन-तीन हिवाळे काढलेले मोठे मासे. सात-आठ किलोचा साधारण, दहा-बाराचाही मिळतो, पण संख्या कमी. एकच हिवाळा काढून आलेले दीड ते तीन किलोचे मासे जुलैत येतात, तेव्हा संख्या वाढते आणि सरासरी आकार उतरतो. म्हणजे जूनमध्ये जाणारा माणूस सहा दिवसांत एक-दोन झटापटींच्या तयारीने जातो. सहा दिवसांत एकही मासा न लागणं हे चांगल्या गाइडबरोबरही होतं, ते तिघांनी आधीच मनाशी धरा.

आता १ ते ७ जूनचं. त्या आठवड्यात डोंगरावरचा बर्फ वितळत असतो. पाणी भरलेलं, गढूळसर, चार ते सहा अंश. एवढ्या थंडीत मासा सुस्त असतो आणि जोराच्या धारेवर चढत नाही. गाउलावर होविनजवळ गाउलफॉसेन नावाची अरुंद खडकाळ घळ आहे. भरलेल्या थंड पाण्यात मासा तिच्या खाली थांबून राहतो, पाणी उतरलं आणि तापलं की वर सरकतो. म्हणून पहिल्या आठवड्यात जायचंच असेल तर बीट गाउलफॉसेनच्या खालचीच घ्या, होविनपासून खाली मेलहुसकडची. वरच्या स्टोरेन, सिंगसोस पट्ट्यातली बीट त्या दिवसांत स्वस्त मिळते, ती घेऊ नका. तिथे तेव्हा मासा पोचलेलाच नसतो.

पण धानवाल्यांना पहिल्या आठवड्याची सक्ती आहेच कुठे? पाऊस आपल्याकडे १५ जूनच्या आगेमागे लागतो. पऱ्हे टाकायचे आणि निघायचं. रोवणीला पऱ्हे तयार व्हायला तीन-साडेतीन आठवडे लागतातच. बोअरचं पाणी असेल तर पावसाची वाटही पाहायला नको, १०-१२ जूनला पऱ्हे पडतील. मग १८ ते २८ जून हा काळ मोकळा सापडतो आणि नदीवर तोच उत्तम. पाणी आठ ते बारा अंशांत आलेलं असतं, मोठा मासा अजून येत असतो आणि गाउलफॉसेनच्या वरचा पट्टाही उघडलेला असतो. अडचण उमरेडच्या भाऊंची. कापूस-सोयाबीनची पेरणी नेमकी याच दिवसांत येते, तिथे घरी भरवशाचं माणूस असल्याशिवाय निघू नये.

पाणी इथूनच पाहता येतं. नॉर्वेच्या जलसंपदा विभागाचं (एनव्हीई) सिल्द्रे नावाचं संकेतस्थळ आहे, त्यावर प्रत्येक नदीचा विसर्ग घनमीटर प्रति सेकंदात चालू वेळेचा दिसतो. मेपासून रोज बघा. आकड्यापेक्षा रेघेचा कल महत्त्वाचा. रेघ वर जाते आहे म्हणजे पाण्यात काडीकचरा, गाळ, आणि मासा कडेला दडून. रेघ दोन-तीन दिवस सलग उतरते आहे म्हणजे पाणी निवळतंय, मासा चालतोय आणि ठरलेल्या ठिकाणी विसावतोय. बर्फाच्या दिवसांत एक रोजचा चढउतारही दिसेल. दुपारच्या उन्हाने वर वितळलेलं पाणी खाली काही तासांनी पोचतं, म्हणून पाणी रात्री फुगतं आणि पुढच्या दिवसात ओसरतं. कोणत्या वेळी नदीवर उतरायचं ते गाइड यावरूनच ठरवतो.

सातबारा_ते_शेंगेन

व्हिसाचं थोडक्यात. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. जूनला जाणाऱ्याने फेब्रुवारी-मार्चमध्येच करावा, एप्रिलनंतर भेटीची तारीख मिळायला त्रास होतो. प्रौढाला फी ९० युरो, केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा, संपूर्ण शेंगेनला लागू असलेला. बोटांचे ठसे एकदा दिले की ५९ महिने चालतात. आधी कुणी युरोपला जाऊन आलं असेल तर तारीख बघून घ्या.

शेतकऱ्याची फाइल अडते ती उत्पन्नाच्या पुराव्यावर. शेती उत्पन्नाला आयकर नाही म्हणून बरेच जण विवरणपत्र भरतच नाहीत आणि मग दाखवायला काही उरत नाही. शून्य कराचं का होईना, विवरणपत्र भरलेलं असू द्या. सातबारा आणि आठ-अ यांचं इंग्रजी भाषांतर नोटरी करून जोडा. धान केंद्रावर किंवा बाजार समितीत विकलेल्या मालाच्या पावत्या आणि तीच रक्कम जमा झालेलं सहा महिन्यांचं बँक विवरण एकमेकांना जुळलं पाहिजे. अर्जाच्या आठवडाभर आधी खात्यात एकदम मोठी रक्कम टाकणं हे नकाराचं नेहमीचं कारण. पुतण्याचं निमंत्रणपत्र, त्याचा राहण्याचा परवाना आणि गाइडच्या बुकिंगची पावती हे तिन्ही लावा. तिघांचे अर्ज एकत्र द्या, प्रवासाचा तक्ता तिघांचा एकच असू द्या.

डब्याचंही सांगून ठेवतो. नदीवर बहुतेक ठिकाणी लाकडी घर मिळतं, स्वयंपाक आपला आपण. बाहेरच्या देशातून मांस आणि दुधाचे पदार्थ नॉर्वेत नेता येत नाहीत. त्यात तूप आलं, पेढे आले, आणि पुतण्यासाठी म्हणून बॅगेत जाणारी खव्याची संत्रा बर्फीही आली. ज्वारीचं पीठ, तूर डाळ, मसाले आणि कोरडी चटणी सीलबंद न्या.

मामा_तलाव

सामान आणि सराव यावर लिहितो. इथेच सगळ्यात जास्त पैसे वाया जातात.

पहिल्या खेपेला फ्लायचं सामान विकत घेऊ नका. बहुतेक गाइड रॉड, रील, लाईन भाड्याने देतात, वेडर (पाण्यात उभं राहायचा छातीपर्यंतचा जलरोधक पोशाख) आणि बूटही देतात. मापं आधी कळवा. बूट एक नंबर मोठा मागा, आत जाड लोकरी मोजा येतो. आवळ बुटाने पायातलं रक्त अडतं आणि अर्ध्या तासात बोटं बधिर होतात.

लागतं काय ते कळायला हवं म्हणून सांगतो. जूनच्या भरलेल्या पाण्याला दोन हातांनी फेकायचा १३ ते १५ फुटांचा रॉड, ९ किंवा १० वेटचा (वेट म्हणजे लाईनच्या वजनाचा क्रमांक). रीलवर २०० मीटर बॅकिंग (तळाशी गुंडाळलेला राखीव दोरा), त्यापुढे बारीक शूटिंग लाईन, त्यापुढे ३६ ते ४० ग्रॅमचं शूटिंग हेड (लाईनचा पुढचा जड तुकडा). हेड तीन प्रकारची जवळ असावीत: तरंगणारं, इंटरमीडिएट (हळू बुडणारं) आणि जड बुडणारं. पाणी सहा अंशांच्या खाली आणि भरलेलं असेल तर जड हेड, पुढे तंगूस (हेड आणि फ्लायमधला नायलॉनचा दोरा) आखूड, सव्वा ते दीड मीटर. तंगूस लांब ठेवला तर हेड खाली जातं आणि फ्लाय वरच तरंगते, मग जड हेडचा उपयोग काय? पाणी दहा-बारा अंशांवर आलं की तरंगणारं किंवा इंटरमीडिएट हेड आणि रॉडच्या लांबीएवढा तंगूस. जाडी जूनमध्ये ०.४० ते ०.४५ मिमी. बारीक तंगुसाने जास्त मासा लागतो हा आपल्याकडचा अनुभव गढूळ पाण्यात लागू पडत नाही.

फ्लाय गाइडच्याच वापरा. गढूळ थंड पाण्यात तांब्या-पितळेच्या नळीवर बांधलेल्या मोठ्या, काळ्या-पिवळ्या-नारिंगी, विली गन सारख्या. पाणी निवळलं की छोट्या आणि हलक्या. गळाच्या टोकाचा उलटा काटा काढलेला असावा, बऱ्याच ठिकाणी नियमच तसा आहे. पक्कडीने काटा दाबून टाकायचा आणि कापसाच्या बोळ्यात टोचून बघायचं. तंतू न अडकता निघाला तर ठीक.

आता सराव. दोन हाती रॉडची फेक, म्हणजे स्पे कास्ट, गवतावर शिकता येत नाही. लाईनचं टोक क्षणभर पाण्याला चिकटतं, त्याला अँकर म्हणतात, आणि त्या चिकटण्याच्या आधारावरच रॉड वाकतो. कोरड्या जमिनीवर तो आधार मिळत नाही. म्हणून मामा (माजी मालगुजारी) तलावावर जा. सांडव्याच्या बाजूला मुरमाड तळ बघा. मेमध्ये पाणी आटलेलं असतं, गाळात पाय रुततो. गुडघाभर पाण्यात उभं राहून साधा रोल कास्ट (लाईन मागे न उडवता पुढे लोळवायची फेक) घोटा, एक हाती रॉडने सुद्धा चालेल. टोकाला गळ बांधू नका, लोकरीचा लाल तुकडा बांधा.

चुका ठरलेल्या असतात. मागे चाबकासारखा फट्ट आवाज आला म्हणजे अँकर सुटला, तुम्ही घाईने ओढलं. लाईन पुढे न जाता पायाशीच ढीग पडली म्हणजे मध्ये फार थांबलात, लाईन पाण्याला जास्त चिकटली. लाईनचा फास पुढे जाता जाता स्वतःवरच अडकला म्हणजे वरच्या हाताने ढकललं. जोर खालच्या हाताने पोटाकडे ओढण्याचा, वरचा हात नुसता टेकू. मरळीसाठी रॉड फेकणाऱ्याचा उजवा हात आपोआप पुढे जातो, ही सवय मोडायला आठ-दहा सकाळी लागतात.

स्पे कास्टचे दोन प्रकार, सिंगल आणि डबल, त्यांचा वाऱ्याचा नियम पाठच करा. वारा वरून खाली, प्रवाहाच्या दिशेने असेल तर डबल स्पे. वारा खालून वर येत असेल तर सिंगल स्पे. उलट केलं तर अँकर वाऱ्याने अंगावर येतो आणि गळ कानात किंवा डोळ्यात बसतो. चष्म्याशिवाय एकही फेक नको, ढग असोत की नसोत.

आणि आपल्या उन्हाचं. सराव सकाळी आठच्या आत आटपा. फ्लाय लाईनवर प्लास्टिकचा लेप असतो. मेमध्ये बंद गाडीत डिक्कीत ठेवली की लेप चिकट होतो, लाईन कड्यांतून सरकत नाही आणि माणूस स्वतःच्या हाताला दोष देत बसतो. ओल्या फडक्याने पुसून घरात सावलीत ठेवा.

नावेवरून

वर गाउला धरूनच लिहिलं गेलं. ६३ वर्षांच्या काकांसाठी मी नामसेन सुचवीन जी.

नामसेन मोठी, रुंद, ग्रोंगच्या बाजूची, ट्रॉन्डहाइमपासून उत्तरेला साधारण २०० किलोमीटर. तिथे नावेतून हार्लिंग करतात. वल्हवणारा गाइड नाव प्रवाहाच्या तोंडी धरून ठेवतो आणि या काठापासून त्या काठापर्यंत नागमोडी सरकवत हळूहळू खाली सोडतो. मागे दोन-तीन रॉडांचे वॉब्लर (माशासारखं हलणारं नकली आमिष) किंवा फ्लाय पाण्यात झुलत असतात. फेकायचं काही नाही, पाण्यात उभं राहायचं नाही. गुडघेवाल्या माणसाला सहा दिवस वेडर घालून गोट्यांवर चालवण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं. कौशल्य सगळं वल्ह्यावरच्या माणसाचं, म्हणून गाइड तिथला स्थानिकच पाहिजे. तळ कुठे खोल आहे, कुठला धोंडा मासा धरतो हे त्याच्या हाताला ठाऊक असतं, जसं वैनगंगेच्या डोहांचं ढिवरांना.

चार दिवस गाउला आणि दोन दिवस नामसेन अशी विभागणी होऊ शकते. मात्र नदी बदलली की सामान पुन्हा निर्जंतुक करावं लागतं, त्याचा अर्धा दिवस धरा.

स्पिनिंगचंही बोलू. बऱ्याच बीटवर, विशेषतः पाणी भरलेलं असताना, स्पून (चमच्यासारखं धातूचं आमिष) चालतो. काही बीट पूर्ण फ्लायच्या. तुमच्याकडे स्पिनिंगचा हात आहे, तर पहिले दोन दिवस स्पून चालणारी बीट मागा. ९-१० फुटी रॉड, २० ते ३० ग्रॅमचा स्पून, पलीकडे आडवा फेकून प्रवाहाला झुलू द्यायचा, गुंडाळायचं अगदी हळू. मरळीसारखं भराभर ओढलं तर स्पून वर येतो आणि थंड पाण्यातला मासा त्याच्यामागे येत नाही.

गाइडशी बोलताना हे लेखी घ्या. एका गाइडमागे माणसं किती (तिघांना एक हे टोक, दोघांना एक चांगलं). रोजचे तास किती. बीटचं कार्ड दरात धरलं आहे की वेगळं. वेडर-रॉडचं भाडं, आणि फ्लाय हरवली तर तिचे पैसे. बीटवर गाडी कुणाची. आणि सगळ्यात महत्त्वाचं, नदी मध्येच बंद झाली तर काय. २३ जून २०२४ ला नॉर्वेच्या पर्यावरण संचालनालयाने ३३ नद्या भर हंगामात बंद केल्या, कारण मासा अपेक्षेएवढा आलाच नव्हता. ट्रॉन्डेलागमधल्या, म्हणजे ट्रॉन्डहाइमच्या प्रांतातल्या, नावाजलेल्या नद्या त्यात होत्या. लोक विमानात बसलेले असताना निर्णय आला. म्हणून बंद झाल्यास पैसे परत, की पुढच्या वर्षीची तारीख, की दुसरी नदी, हे करारात हवं. 'बघू तेव्हा' म्हणणारा गाइड घेऊ नका.

आपल्या लोकांना एक गोष्ट समजायला वेळ लागतो. आपल्याकडे तलाव मच्छीमार संस्थेला ठेक्याने जातो. तिथे नदीला लागून ज्याचं शेत, मासेमारीचा हक्क त्याचा. म्हणून एकाच नदीवर दर पाचशे मीटरला मालक वेगळा, दर वेगळा, नियम वेगळा. कार्ड या काठाचं असेल तर त्या काठावरून गळ टाकता येत नाही.

धानपट्टा_पवनी

सगळ्यांचे आभार. पऱ्हे टाकून निघायचं हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं, घरी बोलतो आज.

अजून दोन. एक, ते निर्जंतुक करणं नेमकं कसं असतं? दुसरं, सॅल्मन अंडी घालून मरतोच म्हणतात, मग पकडून सोडायचा आग्रह कशासाठी? आणि लागला की झटका कधी द्यायचा, मरळीसारखा लगेच?

बर्फाचं_पाणी

मरतो तो पॅसिफिकचा, अलास्का-कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याचा सॅल्मन. नॉर्वेतला अटलांटिक सॅल्मन वेगळी जात. त्यातले बरेच अंडी घातल्यावर मरतात, पण काही समुद्रात परततात आणि पुन्हा नदीत येतात, मोठ्या माद्या विशेषतः. एका मोठ्या मादीच्या पोटात हजारो अंडी असतात. अटलांटिक सॅल्मनला जागतिक लाल यादीत २०२३ मध्ये 'संकटाच्या जवळ' या गटात टाकलं आहे. समुद्रातल्या पिंजऱ्यांतल्या सॅल्मनशेतीमुळे वाढलेल्या माशांच्या अंगावरच्या समुद्री उवा आणि तिथून निसटून जंगली माशांत मिसळणारे मासे ही नॉर्वेतली मोठी कारणं. म्हणून जूनची मोठी मादी सोडायचीच, नियम असो वा नसो. नर ठेवता येतो का, दिवसाला किती, हंगामात किती, हे त्या वर्षीच्या नियमात बघा. सोडलेला मासाही नोंदवायचा असतो.

झटका अजिबात नाही. मरळ आमिष गिळते म्हणून तिथे झटका लागतो. सॅल्मन नदीत आल्यावर खातच नाही, अंगातल्या चरबीवर महिने काढतो. तो फ्लाय तोंडात धरतो आणि वळून आपल्या जागी जातो. वळताना गळ आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतो, ती पक्की जागा. लगेच झटका दिला तर फ्लाय उघड्या तोंडातून सरळ बाहेर येते. रॉड खाली, पाण्याजवळ धरा. ओढ लागली की काही करू नका. रील फिरू लागेल, दोरा जाऊ द्या, वजन भरलं असं जाणवलं की मग रॉड काठाच्या बाजूला सावकाश उचला. हे आपल्या हाताला सगळ्यात अवघड जातं. रीलचा ब्रेक हलका, एवढाच की चाक सुसाट फिरून गुंता होऊ नये.

पूल (नदीतला मासा थांबतो तो डोह) कसा धरायचा ते: वरच्या टोकाला उतरा, पलीकडे खालच्या बाजूला पंचेचाळीस अंशांत फेका, धारेने लाईनला पोट आलं तर ती उचलून वरच्या बाजूला टाका, फ्लाय झुलत आपल्या काठाच्या रेषेत येऊ द्या. तिथे चार-पाच श्वास थांबा. मागे आलेला मासा बरेचदा तिथेच धरतो. मग लाईन ओढून घ्या, दोन पावलं खाली, पुन्हा फेक. एका जागी उभं राहू नका. मागचा माणूस वरून येत असतो, तुम्ही थांबलात तर सगळी रांग थांबते. खालच्या टोकाला पोचलात की बाहेर या, वर चालत जा, फ्लाय बदला आणि पुन्हा. भुकेने खाणारा मासा नसल्यामुळे एकदा नाकारलेली जागा वेगळ्या आकाराच्या फ्लायला उत्तर देते.

रात्रीचा विचार वेगळा करावा लागतो. जूनच्या उत्तरार्धात तिथे सूर्य साडेअकराच्या सुमारास मावळतो आणि तीनच्या सुमारास उगवतो, अंधार पडतच नाही. रात्री दहा ते तीन ही उत्तम वेळ, म्हणून झोप दुपारी काढायची. सहा दिवस दिवसरात्र उभं राहायचा हट्ट केला तर तिसऱ्या दिवशी पाय चुकतो, आणि सात अंशांच्या पाण्यात पडलेल्या माणसाला श्वास आवरत नाही. कमरेला वेडरचा पट्टा घट्ट, हातात काठी, पाणी मांडीच्या वर नको.

मामा_तलाव

निर्जंतुकीकरणाचं मी सांगतो. गायरोडॅक्टिलस सलारिस नावाचा अर्ध्या मिलिमीटरचा परजीवी आहे. सॅल्मनच्या पिल्लांच्या कातडीला चिकटतो आणि नदीच्या नदी रिकामी करतो. १९७० च्या दशकात बाल्टिककडच्या माशांबरोबर नॉर्वेत आला. ओल्या वेडरवर, जाळ्यावर बसून तो एका नदीतून दुसरीत जातो. म्हणून नदीवर उतरण्याआधी ठरलेल्या केंद्रावर रॉड, रील, लाईन, जाळं, वेडर, बूट सगळं घेऊन जायचं. तिथे एक टक्का विरकॉन या जंतुनाशकाच्या पाण्यात पंधरा मिनिटं बुडवतात आणि दाखला देतात. तो दाखला, राज्याचं मासेमारी शुल्क भरल्याची पावती (१८ वर्षांवरच्या सगळ्यांना, ऑनलाइन भरता येते) आणि बीटचं कार्ड, तिन्ही खिशात हवेत. तपासणारा येतो तेव्हा यातला एकही कागद नसला तर चालत नाही. सामान भाड्याचं असलं तरी तुमच्या पायातला बूट आणि तुमची पेटी यांचा दाखला तुम्हालाच लागतो.

सोडायच्या माशाचं: जाळं गाठी नसलेलं, रबरी. काठावरच्या गोट्यांवर ओढू नका, खवले निघतात आणि तिथे बुरशी धरते. मासा पाण्यातच राहू द्या, एक हात शेपटीच्या मनगटाला, दुसरा छातीखाली, तोंड प्रवाहाकडे. फोटो पाण्याच्या रेषेवरूनच. शेपटीने हिसका दिला की सोडा, आधी ढकलू नका. पाणी १८ अंशांच्या वर गेलं तर पकडून सोडलेला मासा दमून मरतो. जूनमध्ये असं क्वचित होतं, पण उष्ण आठवडा लागला तर गाइड थांबवेल, तेव्हा वाद घालू नका.

धानपट्टा_पवनी

घरचं बोलणं झालं. बोअरवर ११ जूनला पऱ्हे टाकतो, १७ ला निघायचं, २९ ला परत. उमरेडच्या भाऊंचं या खेपेला जमत नाही, त्यांच्या जागी साकोलीचे एक जण येतात, तेही धानवालेच. गाउलाला चार दिवस, काकांसाठी नामसेनला दोन. ओस्लोहून ट्रॉन्डहाइमची रेल्वे स्टोरेनला थांबते असं पुतण्या सांगतो, म्हणजे थेट नदीवरच उतरता येईल. तिथून बीटपर्यंत सामान कसं न्यायचं?

नावेवरून

स्टेशनवर घ्यायला येणं गाइडच्या दरात धरून घ्या, बहुतेक जण येतात. पण बीटवर उतरायच्या आधी निर्जंतुकीकरण केंद्र येतं, ते किती वाजेपर्यंत उघडं असतं ते विचारून मगच गाडीचं तिकीट काढा. ओस्लोहून पोचायला साडेसहा-सात तास लागतात. दुपारच्या गाडीने संध्याकाळी पोचलात आणि केंद्र बंद झालेलं असेल तर पहिली रात्र वाया जाते. सकाळची गाडी घ्या. रॉड भाड्याचे असले तरी स्वतःचा एखादा नेणार असाल तर १४ फुटी चार तुकड्यांच्या रॉडची नळी सुमारे ११० सेंटीमीटर होते, ती बॅगेत मावत नाही, चेक-इनला वेगळी द्यावी लागते. गळ, पक्कड, सुरी सगळं चेक-इनमध्येच, केबिनच्या पिशवीत एकही गळ राहू देऊ नका. जॅकेटचे खिसे विशेष तपासा.